एकाच दिवशी, एकाच देहात

हैदराबादेत नारायणगुड्याच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेन्टिव्ह मेडिसिन'चं पूर्ण नाव आमच्याकडे कुणी घेत नाही. 'आयपीएम' म्हटलं की ऑटोवाला बरोबर फाटकाशी सोडतो. सकाळी तिथं दोन तऱ्हेची माणसं हमखास दिसतात. एक, पोटरीला कुत्रं चावलेली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तोंड पाडून बसलेली. दुसरी, आफ्रिकेत नोकरीला निघालेली, पासपोर्ट हातात धरून पीतज्वराची लस टोचून घ्यायला आलेली. बहुतेकांचं काम दंडावरच्या सुईनं भागतं.

माझ्या पिढीला मात्र कुत्रं चावलं म्हटलं की पोट आठवतं. बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं, रोज एक. सर डेव्हिड सेंपल यांनी 1911च्या सुमारास कसौलीत तयार केलेली ही लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवायचा, कार्बोलिक घालून तो मारायचा आणि तो लगदा पातळ करून माणसाला टोचायचा. लाखो लोक त्या लसीनं वाचले, हे आधी कबूल करायला हवं. पण काही थोड्यांच्या बाबतीत भलतंच घडे. इंजेक्शनं संपत आली की पाय जड व्हायचे, लघवी अडायची, माणूस कमरेखाली लुळा पडायचा. हा रेबीज नसे. लसीबरोबर मेंढीच्या मेंदूतली प्रथिनं अंगात गेलेली असत, शरीर त्यांच्यावर उठे, आणि आपला मेंदू मेंढीच्या मेंदूहून फारसा वेगळा नसल्यानं तोच मारा मग स्वतःच्या मज्जातंतूंवर होई. 1930च्या दशकात अमेरिकेत थॉमस रिव्हर्स यांनी माकडांना सशाच्या मेंदूचा अर्क वारंवार टोचून हेच दाखवून दिलं. आपल्याकडे ही लस बनवणं थांबलं ते 2004च्या अखेरीस. म्हणजे फार जुनी गोष्ट नाही.

फाटकासमोरून जाताना हे सगळं डोक्यात येतं, कारण पुढच्याच वळणावर फिरायला निघालेली आमची विठ्ठलवाडीतली मराठी मंडळी भेटतात आणि त्यांच्यात विषय असतो प्रतिकारशक्ती वाढवण्याचा. (आमची केशव मेमोरियल शाळा इथलीच. परभणीकडून आलेल्या न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या नावानं 1940 साली सुरू झालेली. त्यामुळे इथं मराठीत बोलत फिरणाऱ्यांना कुणी वळून बघत नाही.) गुळवेलीचा काढा, हळदीचं दूध, आवळा, सकाळी कोमट पाण्यात लिंबू. करोनानंतर यात झिंकच्या गोळ्यांची भर पडली. बोलण्याचा सूर असा, की प्रतिकारशक्ती म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी. जितकी भरेल तितकी बरी, सांडली तरी हरकत नाही. काढ्याशी माझं भांडण नाही, चवीला मलाही आवडतो. पण टाकीची कल्पना किती चुकीची आहे, हे कळायला लकव्याइतकं चांगलं उदाहरण नाही. लकव्यात एकाच माणसाची प्रतिकारशक्ती एकाच दिवशी डोक्यात बेसुमार वाढलेली असते आणि छातीत जवळजवळ झोपलेली. मग वाढवायची म्हणजे कुठली?

लकवा, पक्षाघात, वारं गेलं. नाव काहीही द्या, बहुतेक वेळा घडतं ते एवढंच की मेंदूकडे जाणाऱ्या एखाद्या धमनीत रक्ताची गुठळी अडकते. मेंदूचं वजन देहाच्या दोन टक्के, पण देहाला मिळणाऱ्या प्राणवायूतला पाचवा हिस्सा तो एकटा खातो. साठवण काहीच नाही. मोठी धमनी बंद झाली तर दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, असा हिशोब जेफ्री सेव्हर या डॉक्टरांनी 2006 साली मांडला. म्हणून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं की त्याच क्षणी सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात. यात घासाघीस नाही. लकव्याला कबुतराच्या रक्तानं मालिश करायला सांगणारे अजूनही भेटतात. रक्त अंगाला लावून काय बिघडतं, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगावं, की बिघडतं ते त्या शोधाशोधीत गेलेल्या दोन तासांनी.

इथवरची गोष्ट नळ तुंबल्यासारखी वाटते आणि पुष्कळ वर्षं डॉक्टरही ती तशीच सांगत. पण ज्या पेशी मरतात त्या गुपचूप मरत नाहीत. फुटलेल्या पेशीतून जी रसायनं एरवी पेशीच्या आतच असायची, ती बाहेर सांडतात. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. स्पेनच्या पिओ देल रिओ-होर्तेगा यांनी 1919मध्ये त्यांना वेगळं ओळखून हे नाव दिलं. एरवी त्या आपले बारीक फाटे पसरून आजूबाजूला चाचपत असतात. हे सांडलेलं रसायन लागताच त्या फाटे आखडून गोल, फुगीर होतात आणि दाह पेटवणारी द्रव्यं सोडू लागतात. त्या द्रव्यांनी रक्तवाहिनीचं अस्तर चिकट होतं. रक्तातून वाहत असलेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथं अडकतात आणि भिंत ओलांडून आत शिरतात. सुरुवात काही तासांतच होते, गर्दी पहिल्या तीन दिवसांत सर्वांत जास्त.

या न्यूट्रोफिल जंतू मारायला बनलेल्या. इथं तर जंतूच नाहीत. पण त्यांच्याकडे जे आहे तेच त्या वापरतात. जंतूंसाठीची जहाल द्रव्यं आणि ऊतींचा सांगाडा विरघळवणारी विकरं सोडतात. त्यांतलं एक, एमएमपी-9, मेंदू आणि रक्त यांच्यामधला घट्ट अडसर ढिला करतं. त्यातून पाणी झिरपतं, मेंदू सुजतो, कधी रक्तही पाझरतं. मेलेल्या भागाच्या भोवती जो भाग अर्धमेला पण वाचण्याजोगा होता, त्यातला काही भाग या मदतीच्या नादात जातो. गुठळी काढल्यावर रक्त परत वाहू लागतं, तेव्हा त्याच रक्तातून आणखी पेशी येतात. म्हणजे उपचार यशस्वी झाला तरी दाह संपत नाही.

मग या पेशींना अडवलं की झालं, असं कुणालाही वाटेल. संशोधकांनाही वाटलं. पांढऱ्या पेशी अस्तराला ज्या रेणूच्या आधारानं चिकटतात, तो रेणूच झाकून टाकणारी प्रतिद्रव्यं तयार झाली. औषधाचं नाव एन्लिमोमॅब. प्राण्यांत गुण आला. मग 625 रुग्णांवर चाचणी झाली आणि तिचा निकाल 2001 साली छापून आला. औषध मिळालेल्यांची प्रकृती न मिळालेल्यांपेक्षा वाईट होती. ताप जास्त, संसर्ग जास्त, मृत्यूही जास्त. कारण शोधताना लक्षात आलं, की ती प्रतिद्रव्यं उंदरापासून बनवलेली होती आणि माणसाच्या शरीरानं त्या परक्या प्रथिनावरच मोर्चा उघडला होता. दाह शमवायला दिलेल्या औषधानंच दाह वाढला. सेंपलच्या लसीची मला इथं हटकून आठवण होते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत नासधूस करणाऱ्या पेशींच्या मागोमाग ज्या भक्षक पेशी येतात, त्या मेलेल्या पेशींचा ढिगारा उचलून नेतात. त्याशिवाय नवी जोडणी होत नाही. आणखी आठवडा-दोन आठवड्यांनी दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशी मेंदूत जमतात. जपानमधल्या संशोधकांनी 2019मध्ये उंदरांत दाखवलं, की या पेशी अँफिरेग्युलिन नावाचं द्रव्य सोडून मेंदू सावरायला मदत करतात. त्यांना काढून टाकलं तर उंदीर नीट सावरत नाही. म्हणजे तीच यंत्रणा सोमवारी घर पाडते आणि पुढच्या पंधरवड्यात बांधायला घेते. तिला सरसकट बंद करणं म्हणजे गवंड्यालाही हाकलून देणं. कधी, किती आणि कुठली पेशी, हे नेमकं साधणारं औषध अजून रोजच्या वापरात आलेलं नाही.

आता छातीकडे येऊ.

नात्यातल्या एका मामींना लकवा झाला तेव्हा दवाखान्यात बसायची पाळी माझ्यावरही आली होती. दुपारी त्या जरा शुद्धीवर आल्या, ओळख पटली, डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या मुलानं लगेच थर्मासचं झाकण फिरवलं. चहा. मामींचा जीव की प्राण. केरळच्या सिस्टर पलीकडच्या खाटेवरून ओरडल्याच, "चाय नहीं, भैया, एक बूंद नहीं." मग त्या आल्या, मामींना उशा लावून ताठ बसवलं, मान किंचित पुढे घेतली आणि चमच्यानं थोडंसं पाणी दिलं. गळ्यावर दोन बोटं ठेवून घाटी वर सरकते का ते पाहिलं. मग म्हणाल्या, "अम्मा, आ बोलो." मामी म्हणाल्या 'आ', पण आवाज ओला आला, घशात पाणी गुरगुरल्यासारखा. सिस्टरनी चमचा बाजूला ठेवला. नाकातून नळी घातली गेली. मुलाला ते फार क्रूर वाटलं. आईला घोटभर चहा न देणारा दवाखाना कसला, असं तो जिन्यात येऊन मला म्हणाला.

तो घोट श्वासनळीत उतरला असता. निरोगी माणसाच्याही फुप्फुसात झोपेत थोडी लाळ उतरत असते, पण तिथल्या पेशी ती निस्तरतात. लकव्याच्या रुग्णाच्या त्या पेशी त्या दिवसांत कामावर नसतात. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी, त्यांत आंद्रेयास मायझेल आणि उलरिख डिर्नागल हे होते, 2003 साली उंदरांवरचं एक काम प्रसिद्ध केलं. मेंदूतली धमनी बंद केलेल्या उंदरांच्या रक्तातल्या लिंफोसाइट पेशी झपाट्यानं घटल्या आणि काही दिवसांतच त्यांना न्यूमोनिया झाला, रक्तात जंतू सापडले. जंतू बाहेरून कुणी सोडले नव्हते. दुखावलेला मेंदू ताणाच्या वेळी उठणाऱ्या मज्जातंतूंमार्फत, अॅड्रेनॅलिनच्या कुळातल्या रसायनांनी, उरलेल्या शरीराची प्रतिकार यंत्रणा दाबून टाकत होता. प्रोप्रॅनोलॉल हे औषध देऊन हा निरोप अडवला तेव्हा संसर्ग टळला. हे औषध आपल्याकडे कितीतरी जण धडधडीसाठी किंवा अर्धशिशीसाठी घेतात. माणसांतही लकव्यानंतर लिंफोसाइट घटतात आणि प्लीहा आकसल्याचं आढळलं आहे. लकव्याच्या रुग्णांत साधारण दहातल्या एकाला न्यूमोनिया होतो. मूत्रमार्गाचा वगैरे धरला तर तिघांना कुठला ना कुठला संसर्ग होतो.

शरीर असं का करत असेल? यावर एक तर्क मांडला गेला आहे आणि मला तो पटतो. एरवी मेंदूची प्रथिनं आणि प्रतिकार यंत्रणा यांची फारशी गाठ पडत नाही. पीटर मेडावार यांनी 1948मध्ये सशांच्या मेंदूत दुसऱ्या सशाच्या कातडीचे तुकडे बसवले, तर ते टिकले. पण आधी त्याच परक्या सशाची कातडी त्या सशाच्या अंगावर लावून शरीराला ओळख करून दिली असेल, तर मेंदूतला तुकडाही झडून जाई. लकव्यात अडसर फुटतो, मेंदूतला मालमसाला रक्तात येतो, आणि ही ओळख होण्याची सगळी सोय होते. मेंढीच्या मेंदूनं जे चौदा इंजेक्शनांत घडवलं, ते इथं आपल्याच मेंदूनं घडू शकतं. त्यापेक्षा काही दिवस यंत्रणाच मंद केलेली बरी, असं शरीर ठरवत असावं. किंमत फुप्फुस मोजतं.

हे सगळं गुठळी अडकल्यानंतरचं. आधीच्या कथेतही हीच यंत्रणा आहे, आणि आपल्या देशात तर फार. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो, चार दिवसांत बरं वाटतं. घसा दुखवणाऱ्या त्या जंतूवर तयार झालेला मारा पुढे काही मुलांच्या हृदयाच्या झडपांवर वळतो. हा संधिवाती हृदयरोग. झडप अरुंद होते, वरचा कप्पा ताणला जातो, ठोके बेताल होतात, कप्प्यात गुठळी धरते आणि एका सकाळी तिशीतली बाई भाकरी थापता थापता कोलमडते. दर तीन आठवड्यांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन हे तिच्यासाठी लकव्याविरुद्धचं औषध असतं, पण ते दुखतं म्हणून सुटतं. क्षयाच्या मेंदूज्वरात मेंदूच्या तळाशी दाहाचा चिकट थर साचून त्यातून जाणाऱ्या धमन्या आवळल्या जातात, तोही लकवाच. तिथं मात्र यंत्रणेला आवरणं कामी येतं. व्हिएतनाममध्ये 2004 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्षयाच्या औषधांबरोबर डेक्सामेथासोन दिल्यानं मृत्यू कमी झाले. पंजागुट्ट्याच्या निम्स रुग्णालयात डॉ. सुभाष कौल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लकव्याच्या रुग्णांच्या रक्तात क्लॅमिडिया न्यूमोनिए या श्वसनमार्गाच्या जंतूविरुद्धची प्रतिद्रव्यं तपासली. निरोगी माणसांपेक्षा रुग्णांत ती अधिक आढळली. याचा अर्थ त्या जंतूनं लकवा होतो असा नाही, पण जुना, रेंगाळणारा दाह धमनीला सोसवत नाही, हा संशय त्यानं बळावतो. दाहावरच औषध म्हणून कोल्चिसिनही देऊन पाहिलं गेलं. कळलावीच्या कंदात असतं ते. लकवा होऊन गेलेल्यांवरच्या त्याच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल 2024 साली आले, आणि दोन्हींत ठोस फायदा काही दिसला नाही.

छातीसाठी सोपा उपाय सुचतो तो अँटिबायोटिकचा. जंतू येणारच आहेत, तर आधीच औषध द्या. नेदरलँड्समध्ये सुमारे अडीच हजार रुग्णांवर हे करून पाहिलं, 2015मध्ये निकाल आला. तीन महिन्यांनंतरच्या प्रकृतीत काही फरक पडला नव्हता. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या चाचणीत न्यूमोनियासुद्धा कमी झाला नाही. आपल्याकडे सलाईनच्या बाटलीशेजारी अँटिबायोटिकची बाटली टांगलेली दिसली की नातेवाइकांना धीर येतो. तो धीर या आकड्यांत बसत नाही.

मग कामाला आलं काय? ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या 19 स्ट्रोक युनिटांमध्ये सॅंडी मिडलटन या परिचारिका-संशोधकानं एक प्रयोग केला, 2011 साली तो लॅन्सेटमध्ये आला. नवं औषध एकही नाही. निम्म्या युनिटांतल्या सिस्टरना तीन गोष्टी काटेकोर करायला शिकवल्या. पहिले तीन दिवस ताप वारंवार मोजायचा आणि 37.5 अंशाला पोचताच पॅरासिटामॉल द्यायचं. साखर मोजायची आणि चढली तर उतरवायची. आणि पाण्याचा, अन्नाचा, गोळीचा एकही कण तोंडात जाण्यापूर्वी गिळता येतं का ते तपासायचं. तीन महिन्यांनी पाहिलं तर नेहमीच्या पद्धतीनं चाललेल्या युनिटांत 58 टक्के रुग्ण दगावलेले किंवा परावलंबी होते, आणि या तीन गोष्टी पाळणाऱ्या युनिटांत 42 टक्के. लकव्यावरच्या उपचारांत इतकं अंतर सहसा दिसत नाही. ताप आणि वाढलेली साखर दुखावलेल्या मेंदूची हानी वाढवतात. गिळण्याची चाचणी दबलेल्या फुप्फुसावरचा भार काढून घेते. प्रतिकारशक्ती ना वाढवली, ना दाबली.

मामींची नळी काही दिवसांनी निघाली. नंतर त्यांना चहा मिळाला तो पातेल्यात दाटसर केलेला, चमच्यानं, ताठ बसवून, आणि प्रत्येक घोटानंतर 'आ' म्हणायला लावून. मुलगा तोवर इतका तयार झाला होता, की शेजारच्या खाटेवर नवा रुग्ण आला आणि त्याच्या बायकोनं पिशवीतून केळं काढलं, तेव्हा हाच तेलुगूत ओरडला. सिस्टरना यावं लागलं नाही.